बंदुकीचा परवाना आहे. सराव कुठे करायचा?

आमच्या तळकोकणात परवान्याची बंदूक दिवसाउजेडी दोनच वेळा घराबाहेर येते. एकदा खंडेनवमीला ओटीवर, नळीला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल लावून घ्यायला. आणि दुसऱ्यांदा निवडणूक लागली की, पोलीस ठाण्यात जमा व्हायला. बाकी वर्षभर ती माळ्यावर, कपाटामागे, नाहीतर चक्क माजघरातल्या खुंटीला.

२०२४ साली तर दोन फेऱ्या झाल्या. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि निकाल ४ जूनला. म्हणजे काजू-आंब्याचा अख्खा हंगाम बंदूक ठाण्यात. मग १५ ऑक्टोबरला विधानसभा जाहीर झाली, भात कापणीला आलेलं असताना. ज्या पिकाच्या राखणीसाठी परवाना दिला, ते पीक उभं असताना बंदूक हातात नाही, ही शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे. निवडणूक आयोगाच्या सूचना सरसकट जमा करा अशा नाहीतच. छाननी समितीनं एकेक परवानाधारक तपासून ठरवायचं असतं. स्पर्धेत उतरणाऱ्या, राष्ट्रीय रायफल संघटनेच्या नेमबाजांना तर त्यातून सूट आहे. प्रत्यक्षात काय होतं, ते रांगेत उभ्या राहिलेल्याला विचारा. पण ती तक्रार आज बाजूला ठेवतो. मला रांगेबद्दलच बोलायचंय.

त्या रांगेत आम्ही अकराजण होतो. बहुतेक साठीच्या पुढचे, शेतसंरक्षण परवानावाले. वेळ जात नव्हता म्हणून सहज विचारत गेलो, शेवटचा बार कधी काढला? एकजण म्हणाला, पोराच्या बारशाला. पोरगा आता बारावीला आहे. एकानं आठ-नऊ वर्षं सांगितली. एक काका म्हणाले, "बाबा असताना. मी नाय कधी. पण मोडून बघून ठेवतंय." दोघांची काडतुसं परवान्यावरच्या आकड्याएवढी होती, पण हिरवट पडलेली, ओल पकडलेली. अकरापैकी आठ जणांनी पाच वर्षांत एकदाही चाप ओढलेला नव्हता. आणि उरलेल्या तिघांनी ओढला होता तो रात्री, डोक्याला बॅटरी बांधून, हललेल्या झुडपाकडे बघून.

हे मला गंमत म्हणून सांगायचं नाही. याच वाड्यांवरून दर हिवाळ्यात एखादी बातमी येते. रानात डुक्कर समजून बार काढला, सोबतच्याला लागला. कोकणातल्या वाचकाला ही बातमी नवी नाही. आमच्या पंचक्रोशीत असा एकजण गेला. ज्यानं बार काढला तो त्याचा लहानपणापासूनचा सोबती. नावं लिहीत नाही, दोन्ही घरं अजून तिथेच राहतात, एकाच पाणंदीनं जातात-येतात.

आता रेंजविषयी. गेल्या हिवाळ्यात भाच्याकडे घाटावर गेलो होतो. तो रायफल शिकतो. कोल्हापूरकडे हे वेड आहेच. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ला पॅरिसहून ५० मीटर रायफलचं कांस्य आणल्यावर तर प्रत्येक पालकाला आपल्या पोराचा नेम चांगला वाटायला लागलाय. भाचा म्हणाला, मामा चला, तुम्ही बंदूकवाले, बघा तरी. मी माझी बंदूक नेली नाही. परवान्यावरची हद्द जिल्ह्याची, घाट चढला की ती बेकायदा. (हेसुद्धा पुष्कळांना ठाऊक नसतं. गाडीच्या डिकीत टाकून पाहुण्यांकडे नेणारे बघितलेत.) ओळखपत्र दाखवलं, परवान्याची प्रत दिली, अर्ज भरला, सही केली, मग आत.

मोकळी रेंज म्हणजे दिसायला फार काही नाही. डोंगराच्या कुशीत सपाट केलेली जमीन, एका टोकाला पत्र्याची शेड, समोर ठरलेल्या अंतरांवर लाकडी चौकटी, आणि त्यांच्या मागे दोन पुरुष उंच मातीचा बांध. बांधामागे डोंगर. जुने लोक याला चांदमारी म्हणत. छावणीच्या गावांमध्ये अजूनही त्या नावाचे माळ आहेत, आता तिथे प्लॉट पडलेत ते सोडा. काठीवर लाल निशाण. ते वर असेपर्यंत पुढे कुणी जायचं नाही.

तिथली जबाबदारी सांभाळतात ते एक निवृत्त सुभेदार. त्यांनी पहिली चाळीस मिनिटं मला बंदुकीला हात लावू दिला नाही. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "तुमच्याकडे परवाना किती वर्षं आहे ते मला सांगू नका. इथे सगळे आज पहिल्यांदाच आलेत असं मी धरतो."

मग एक दोननळी घेतली, मोडली, दोन्ही नळ्यांत उजेडाकडून बघितलं, दोन्हींत बोट घालून बघितलं आणि मोडलेलीच माझ्या हातात दिली. "आता तुम्ही बघा." म्हटलं, आत्ता तर तुम्ही बघितलंत, माझ्यासमोर. ते म्हणाले, "बरोबर. तरी बघा." मी बघून भाच्याकडे दिली, त्यानं न सांगता पुन्हा बघितलं. एवढंच चाललं होतं दहा मिनिटं. बाहेरच्याला वाटेल काय पोरखेळ आहे.

त्यांनी सांगितलेल्या गोष्टी चारच. जगभरच्या रेंजवर थोड्याफार फरकानं त्याच सांगतात. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच धरायचं. जे मारायचं नाही त्याच्याकडे नळी वळवायची नाही, गमतीतसुद्धा. नेम बसेपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही, बाहेरच्या कडीवर सरळ ठेवायचं. आणि आपण काय मारतोय ते तर बघायचंच, पण त्याच्या मागे काय आहे तेही बघायचं. पहिल्या तीन गोष्टी सिनेमा बघून बिघडलेल्या हाताला अवघड जातात, पण तासाभरात जमतात. चौथीचं महत्त्व मला पुढे तासाभरानं कळलं.

मध्ये एक प्रसंग झाला. पोरं ५० मीटरवर रायफल चालवत होती, आणि बांधाच्या बरंच वरच्या अंगाला एक म्हैस दिसली. गोळी तिथवर जायचा प्रश्नच नव्हता, बांध मध्ये होता. सुभेदारांनी मोठ्यानं "स्टॉप" म्हटलं. एका क्षणात सगळं बंद. सगळ्यांनी काडतुसं काढली, रायफलच्या खोलीत भडक नारिंगी दोरी घातली, ती बाहेर लोंबताना दिसली पाहिजे म्हणजे लांबूनही कळतं की रायफल रिकामी आहे, आणि सगळे मागे येऊन बसले. गुराखी येऊन म्हैस हाकेपर्यंत वीस मिनिटं गेली. एकानंही कुरकुर केली नाही. चौदा-पंधरा वर्षांची पोरं ती. आमच्याकडे पारधीला वीस माणसं जातात, हाकारे एकीकडून, बंदूकवाले दुसरीकडून. तिथे "थांब" म्हणायचा अधिकार कुणाला असतो? ज्याचा आवाज मोठा त्याला.

मग माझी पाळी. कानाला मफ लावायला लावले. बाराबोअरचा आवाज १४० डेसिबलच्या पुष्कळ वर जातो आणि एका बारातही कानाचं कायमचं नुकसान होऊ शकतं. आमच्याकडे कान झाकणाऱ्याला लोक हसतील. (बारा बोअर हे नाव कशावरून, तेही तिथेच ऐकलं. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल, ती बारा बोअर. साडेअठरा मिलिमीटर. म्हणूनच आकडा वाढला की नळी बारीक होते.)

सुभेदारांकडे नमुन्याला कापून ठेवलेलं एक एलजीचं काडतूस होतं. डुकरासाठी आपल्याकडे हेच वापरतात. आत वाटाण्याएवढे जाड छर्रे, फक्त सहा. चौकटीवर मीटरभर लांबरुंद खाकी कागद ठोकला, मधोमध कोळशानं गोल काढला. वीस मीटरवरून मी बार काढला. दस्ता खांद्यात घट्ट रोवायला सांगितला होता तरी धक्का चांगला बसला. जाऊन बघितलं तर सहाही भोकं सुपाएवढ्या जागेत. छान वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग चाळीस मीटर. तसाच कागद, तोच गोल, तीच बंदूक, तसंच काडतूस. आमच्या बागेत रात्री बॅटरीच्या उजेडात डुक्कर दिसतं ते साधारण याच अंतरावर. बार काढला, निशाण उतरवलं, चालत गेलो. कागदावर तीन भोकं. एक कोळशाच्या गोलात, दोन कडेला. बाकीचे तीन छर्रे कागदावरच नाहीत.

सुभेदारांनी विचारलं, "तीन गेले कुठे?"

म्हटलं, मागे बांधात.

"तुमच्या बागेत बांध आहे?"

आमच्या बागेत काय आहे ते सांगतो. काजूची झाडं, त्यापलीकडे गुडघाभर उंचीचा गडगा, गडग्यापलीकडे पायवाट, पायवाटेपलीकडे शेजाऱ्यांचा मांगर, आणि त्यानंतर वाडी. त्या मांगरात पावसाळ्यानंतर माणसं झोपायला असतात, तीसुद्धा डुकरांच्याच राखणीला. असा जाड छर्रा काही शे मीटर सहज जातो. हलक्यातली हलकी समजली जाणारी पॉइंट टू टू रायफल घ्या, तिच्या काडतुसाच्या डब्यावर दीड मैलापर्यंत धोका असल्याचा इशारा छापलेला असतो. आणि "नुसता हवेत बार काढतो, भिववायला" असं म्हणणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की वर गेलेलं शिसं वर राहत नाही.

हा कागद मी घडी घालून घरी आणलाय. वाडीत पाच-सहा बंदूकवाल्यांना दाखवला. दोघं म्हणाले, तुझा नेम चुकला असणार. नेम चुकलेला नव्हता, एक छर्रा गोलात आहे. बंदूक अशीच मारते. हे ज्याला माहीत नाही त्याच्या हातात ती असणं, आणि माहीत असणाऱ्याच्या हातात असणं, यात फरक आहे. आपली सगळी व्यवस्था हा फरक ओळखायच्या बाबतीत ढिम्म आहे.

कायद्यात काही नाही असं नाही. शस्त्र अधिनियम १९५९चा. एकवीस वर्षं पूर्ण हवीत, जिल्हादंडाधिकारी परवाना देतात, पोलिसांचा अहवाल लागतो. २०१६च्या शस्त्र नियमांनी नवीन अर्जदाराला सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखला घालून दिला. हाताळणी, वाहतूक, साठवण, नेमबाजीचं तंत्र, सगळं त्यात आहे. बंदूक घरात सुरक्षित ठेवण्याची हमीसुद्धा लिहून द्यावी लागते. २०१९च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, परवान्याची मुदत तीनची पाच वर्षं झाली, आणि वरातीत-मिरवणुकीत, किंवा बेफिकिरीनं, दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोराच्या बारशाला बार काढणाऱ्या आमच्या मित्रानं हे नीट वाचावं.

पण कोकणातल्या बंदुका नव्या अर्जदारांच्या थोड्याच आहेत! त्या आजोबांच्या आहेत. वारसानं आलेल्या, नूतनीकरण होत आलेल्या. माझ्या नूतनीकरणाला कागद मागितले ते सगळे बरोबर होते, फोटो, दाखले, चलन. बंदुकीचा नंबर परवान्याशी जुळवून बघितला. मला ती मोडता येते का, हे कुणी विचारलं नाही. मोटारसायकलच्या लायसन्सला निदान आठचा आकडा काढून दाखवावा लागतो, पाय न टेकता.

आणि समजा उद्या एखाद्या परवानाधारकालाच वाटलं की आपण वर्षातून दहा काडतुसं नीट, कुणाच्या देखरेखीखाली चालवून बघावीत. जायचं कुठे? बागेत सराव करायचा नाही. क्लब आहेत ते शहरांकडे, ऑलिंपिकच्या खेळांसाठी, बरेचसे दहा मीटरच्या एअर रायफलचे, बंद हॉलमधले. बाराबोअर चालवायला मोकळी जागा, मागे बांध आणि वर कुणीतरी "स्टॉप" म्हणणारा लागतो. शेतकऱ्याला त्यासाठी घाट चढावा लागणार, आणि घाट चढला की त्याची बंदूक बेकायदा.

घरातल्या ठेवणीबद्दलही बोलायला हवं, कारण ते आपल्याच हातात आहे. त्याला शासनाचा अध्यादेश लागत नाही. बंदूक खुंटीला आणि काडतुसं त्याच खोलीत फडताळात, हे चित्र दहातल्या सात घरांत दिसेल. घरात पोरं असतात, मे महिन्यात मुंबईची पोरं येतात, त्यांना तर या वस्तूचं भारी अप्रूप. कुणीतरी काढून देतं, फोटोला. "रिकामीच आसा रे!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की आधी मी नळी कुणीकडे आहे ते बघतो. लोखंडी कपाट, बंदुकीला कुलूप, काडतुसं दुसऱ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात नकोत. खर्च दोन काजूच्या गोणींएवढासुद्धा नाही. आणि बंदुकीची दारू आणि बाटलीतली दारू एका रात्री एका माणसाच्या हातात नको. पारधीच्या आधी घेतात, थंडी म्हणून. ज्यांना राग यायचाय त्यांना येऊ दे.

अजून एक, थोडं नाजूक. घरात कुणाचं मन ठिकाणावर नसेल, कर्जाचा घोर असेल, भावाभावांत जमिनीवरून पेटलेलं असेल, तर तेवढे दिवस बंदूक घरात ठेवू नका. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ती सुरक्षित ताब्यात ठेवण्याची सोय नियमांत आहे. त्यासाठी निवडणुकीची वाट बघायला नको. परवानाधारक वारला तर मात्र ते ऐच्छिक नाही. ज्या दिवशी परवान्याचा माणूस गेला त्या दिवसापासून घरातल्या दुसऱ्या कुणाकडे ती कायदेशीर राहत नाही, विनाविलंब जमा करावी लागते, मग वारसानं स्वतःच्या नावानं अर्ज करायचा. नियम तर असंही म्हणतात की परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा बंदूक पंचवीस वर्षं बाळगून झाली, तर त्याच्या हयातीतच वारसाला परवाना देता येतो. वडिलांच्या डोळ्यांना दिसत नसताना बंदूक त्यांच्याच नावावर आणि बार मुलाचा, हा प्रकार घरोघरी चालू आहे.

मला माहीत आहे खाली काय येणार. "डुकरांनी भात लोळवलं तेव्हा तू कुठे होतास?" इथेच होतो. माझंही लोळवलंय, माकडांनी नारळ पाडलेत, त्याचं काय मिळालं ते विचारू नका. बंदुका काढून घ्या असं मी कुठेही म्हटलेलं नाही. फक्त हे लक्षात ठेवा की शेतसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. डुक्कर मारायचं तर १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची वेगळी परवानगी लागते. "बिगरपरवाना ठासणीच्या बंदुकांचं काय, त्यांच्यावर बोला" असंही येईल. बोलायलाच हवं, तो धोका मोठा आहे. पण ज्यांच्या नावाची नोंद सरकारदरबारी आहे, ज्यांना एका नोटिशीवर बोलावता येतं, त्यांच्यापासून सुरुवात करणं सोपं आहे. आणि अमेरिकेचे दाखले कुणी देऊ नका. तिथे १७९१च्या दुरुस्तीपासून तो घटनेतला हक्क आहे, त्यांचं भांडण वेगळं. आपल्याकडे ती सरकारनं अटींवर दिलेली मुभा आहे, मग अटी कामाच्या तरी असू देत.

जिल्हा पोलीस दलाला गोळीबार सरावाचं मैदान लागतंच. आमचं म्हणणं एवढंच की वर्षातले दोन दिवस, एक कापणीनंतर आणि एक पावसाच्या आधी, ते शेतसंरक्षण परवानाधारकांना तालुकावार द्यावं. शिकवायला पोलीस दलातला माणूस असावा. काडतुसं आमची, जाण्यायेण्याचा खर्च आमचा. वीस आणि चाळीस मीटरवर प्रत्येकी दोन बार, खाकी कागदावर. तो कागद ज्याचा त्यानं घरी न्यायचा. पुढच्या नूतनीकरणाला या हजेरीची नोंद बघावी. आणि निवडणुकीला तालुक्यातल्या सगळ्या बंदुका एका छताखाली येतातच, महिना-दोन महिने पडून असतात, तेव्हा पोलिसांच्या आर्मररनं दोन दिवस बसून त्या तपासाव्यात. कितीतरी नळ्यांना आतून गंज आहे, घोडे सैल झालेत. अशी बंदूक फुटली तर पहिल्यांदा चालवणाऱ्याच्या तोंडावर फुटते. आज मिळते ती फक्त पावती.

जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचा अर्ज लिहून तयार आहे, एका पानाचा. आतापर्यंत चौदा परवानाधारकांच्या सह्या झाल्यात, रांगेतल्या अकरापैकी सहा त्यात आहेत. तालुक्यातल्या ज्यांच्याकडे परवाना आहे आणि सही करायची आहे त्यांनी मेसेज करा. परवाना क्रमांक इथे खाली कमेंटमध्ये लिहू नका, बंदुकीचे फोटो तर अजिबात टाकू नका. येत्या सोमवारपर्यंत सह्या घेतो, मंगळवारी ओरोसला जाऊन अर्ज देतोय. येणार असाल तर सकाळच्या साडेसातच्या एसटीला भेटू.